रिपोर्टमधल्या ‘ऑब्स्ट्रक्शन’ला बाबांना कळेल असं मराठीत काय म्हणू?

शुभा_लालबाग

नमस्कार. मी मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसभर दुसऱ्यांचे शब्द तपासते, पण गेल्या आठवड्यात घरातच एका शब्दापाशी अडले. थोडं लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय प्रश्न कळायचा नाही.

माझे बाबा ७७ वर्षांचे आहेत. चौदा वर्षं गिरणीत कार्डिंगला, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, ते बाहेर पडले आणि परत आत गेलेच नाहीत. पुढे वॉचमनकी करून आम्हा दोघांना शिकवलं. विडी-सिगारेट कधी ओढली नाही, तंबाखूही नाही. आम्ही चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, लाकडी जिना आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी ते मध्ये एकदा थांबायचे. आता प्रत्येक मजल्याला थांबतात, कठड्याला धरून उभे राहतात आणि कोणी वरून येत असेल तर चप्पल नीट करतोय असं दाखवतात.

शेवटी छातीच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी फुंकायची तपासणी लिहून दिली. नाकाला चिमटा, तोंडात नळी, आणि समोर मशीनवाली मुलगी, “आजोबा, पूर्ण श्वास भरा... आता सोडा! जोरात, जोरात, थांबू नका, अजून, अजून, अजून...” तीन वेळा फुंकले. तिसऱ्या वेळी त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग औषधाचा फवारा देऊन पंधरा मिनिटं बसवलं आणि परत तेच.

रिपोर्टवर आलं ‘मॉडरेट ऑब्स्ट्रक्शन’. सोबत मराठीत छापलेलं माहितीपत्रक दिलं. त्यातलं वाक्य जसंच्या तसं देते: “आपल्या फुफ्फुसीय वायुमार्गात मध्यम स्वरूपाचा अवरोध आढळून आला आहे.” एकही चूक नाही. शुद्धलेखनाला मी पैकीच्या पैकी दिले असते. बाबांनी ते दोनदा वाचलं आणि माझ्या भावाला विचारलं, “अवरोध म्हणजे?” भाऊ म्हणाला, “ब्लॉकेज.”

तिथून सगळं बिघडलं. समोरच्या खोलीतल्या काकांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली आहे. ‘ब्लॉकेज होतं, फुगा घालून काढलं’ हे बाबांनी पन्नास वेळा ऐकलंय. रात्री दिवा घालवल्यावर मला म्हणाले, “शुभे, गिरणीतला कापूस अडकून राहिलाय गं छातीत. त्या बाबूसारखा फुगा घालून काढतील का?” मी नाही म्हटलं, पण मग काय आहे ते मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांनी दिलेला श्वासाचा पंप (इनहेलर) घेणं सोडलं. म्हणाले, “अडकलंय ते काढायचं सोडून वरून वाफ मारून काय होणार?” चार दिवस पंप उशाशी तसाच पडून आहे.

तर माझे दोन प्रश्न. इंग्रजीत ऑब्स्ट्रक्शन आणि ब्लॉकेज एकच का? आणि मराठीत यासाठी कोणता शब्द घेऊ? अडथळा, अडसर, अटकाव, कोंडी, तुंबणं, चोंदणं, सगळे मनात घोळवून पाहिले. ‘अडथळा’ म्हटलं की रस्त्यात दगड दिसतो. बाबांना नेमका तोच दिसतोय.

खडूफळा

शुभाताई, आधी बाबांना पंप सुरू करायला लावा, शब्द मागाहून शोधू. तरी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं आहे.

एकच नाहीत. ब्लॉकेज म्हणजे वाट बंद झाल्याची अवस्था, किंवा ती बंद करणारी वस्तू. नळीत, पाइपात, रस्त्यात. माणसाच्या कृतीला हा शब्द चालत नाही. ऑब्स्ट्रक्शन कृतीलाही चालतो. आपल्याकडे बातमीत ‘सरकारी कामात अडथळा’ वाचता, त्यातला अडथळा म्हणजे ऑब्स्ट्रक्शन. पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम १८६ होतं, आता न्याय संहितेत २२१ आहे. तिथे ब्लॉकेज म्हणून पाहा, वाक्यच मोडतं. क्रिकेटमध्येही तेच. १९८९ साली अहमदाबादला श्रीलंकेविरुद्धच्या एकदिवसीय सामन्यात मोहिंदर अमरनाथ ‘ऑब्स्ट्रक्टिंग द फील्ड’ म्हणून बाद झाले. कुठलीही वाट बुजली नव्हती, क्षेत्ररक्षणाच्या कामात फलंदाज आडवा आला एवढंच. म्हणजे ऑब्स्ट्रक्शन असायला वाट पूर्ण बंद असावीच लागत नाही. चालणं अवघड झालं तरी पुरे. ‘ब्लॉकेज’ ऐकल्यावर मात्र माणसाच्या मनात बूच बसतं.

मुळाकडे गेलं तर आणखी कळतं. ऑब्स्ट्रक्ट लॅटिनमधून आला. ‘ऑब’ म्हणजे समोर, आडवं, आणि ‘स्त्रुएरे’ म्हणजे रचणं. स्ट्रक्चर, कन्स्ट्रक्शन त्याचेच भाऊबंद. कोणीतरी वाटेत काहीतरी रचून ठेवलं असा अर्थ. डॉक्टरांचा ‘ऑक्लूजन’ ‘क्लोज’च्या घराण्यातला, तो मात्र पूर्ण बंद. आणि ‘क्लॉग’? मला सगळ्यात आवडणारा. क्लॉग म्हणजे मुळात लाकडाचा ओंडका, ओढाळ जनावराने लांब जाऊ नये म्हणून त्याला बांधायचा. आपलं लोढणं! गळ्यात लोढणं म्हणतो ते. तिकडे त्या लोढण्यावरून तुंबण्याचं क्रियापद झालं, आपल्याकडे ते संसाराच्या तक्रारीत राहिलं.

आणि ‘अडसर’ तुम्ही लिहिलात म्हणून सांगतो. तो दाराला आतून आडवा लावायचा लाकडी दांडा. माझ्या आजोळी होता, संध्याकाळी तो सरकवल्याचा आवाज अजून कानात आहे. अडसर माणूस मुद्दाम लावतो आणि मुद्दाम काढतो. आजाराला तो शोभणार नाही.

पर्जन्यवाहिनी

मी महापालिकेत ३४ वर्षं नोकरी केली. आधी मलनिस्सारण, नंतर पर्जन्यजलवाहिन्या. डॉक्टरीतलं मला कळत नाही, पण तुंबण्याबद्दल मला बोलायचा हक्क आहे असं मी समजतो.

आमच्या तक्रारवहीत शब्द एकच, ‘चोकअप’. ब्लॉकेज कोणी लिहीत नसे. पण चाळीतली बाई फोनवर चोकअप म्हणत नाही. ती म्हणते, “मोरी तुंबली.” आता हे दोन शब्द एकच वाटतात, ते तसे नाहीत. चोकअप पाइपाला होतं. तुंबतं ते पाणी. बाईला पाइप दिसत नाही, तिच्या पायाशी पाणी दिसतं, म्हणून ती पाण्याबद्दल बोलते. माझ्या साहेबाला पाइप दुरुस्त करायचा असतो, तो पाइपाबद्दल बोलतो.

नवीन होतो तेव्हाची गोष्ट. परळला एका चाळीच्या घरगल्लीत तक्रार होती. तळमजल्याच्या मोऱ्या उलट्या येत होत्या. मी जिथे पाणी तिथलं चेंबर उघडलं. पाणी काठोकाठ, पण बांबूची पट्टी घातली तर सरळ आत जात होती, काही लागेना. पुढचं चेंबर उघडलं, तेही भरलेलं, तेही साफ. माझ्याबरोबरचे मुकादम म्हातारे होते. ते काही न बोलता चालत चालत तीन चेंबर पुढे गेले, झाकण उचललं, आत पाहिलं आणि मला हाक मारली. ते चेंबर कोरडं होतं. म्हणजे भरलेलं शेवटचं आणि कोरडं पहिलं, या दोघांच्या मध्ये दुखणं. तिथून निघाला एक गोणपाटाचा तुकडा, त्याच्याभोवती नारळाची सोडणं, आणि या सगळ्यावर शेजारच्या खानावळीचं तेल थिजून थिजून दगडासारखं झालेलं. पहारीने फोडावं लागलं. मुकादम म्हणाले, “तुंबतं इथे, अडतं तिथे. तुंबलं तिथे खणशील तर आयुष्यभर खणत बसशील.” मी हे वाक्य पुढे प्रत्येक नवीन पोराला सांगितलं.

आता तुमच्या बाबांच्या कामाची गोष्ट. पाणी तुंबलं म्हणजे काहीतरी अडकलंच असेल, असं नसतं. २६ जुलै २००५ सगळ्यांना आठवतो. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला. लोक आम्हाला शिव्या देत होते, नाले साफ केले नाहीत म्हणून. काही ठिकाणी त्यांचं खरं होतं. प्लास्टिक, थर्माकोल, राडारोडा मी हातांनी काढलाय, मी नाकारणार नाही. पण शहराच्या जुन्या वाहिन्या मुळातच ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी बांधलेल्या, आणि तेही ओहोटी असताना. ती क्षमता ५० करायचा आराखडा १९९३ सालीच तयार झाला होता. भरती असली की समुद्र पाणी आत घेत नाही. तेव्हा वाहिनी आरशासारखी स्वच्छ असली तरी पाणी मागे सरकणारच. म्हणून तर पुढे हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, इर्ला, गझदरबंध इथे उदंचन केंद्रं आली, पाणी पंपाने उचलून समुद्रात टाकायला. दादरच्या हिंदमाताची जागा तर बशीसारखी, चारी बाजूंनी उतार. तिथे कोणी वाटेत काही ठेवलेलं नाही, तरी दरवर्षी गुडघाभर पाणी असायचं.

सांगायचं ते हे की नळीत काही अडकणं वेगळं आणि नळीच लहान पडणं वेगळं. पहिल्याला पहार लागते. दुसऱ्याला पहार मारून काही होत नाही. तुमच्या बाबांचं यातलं कुठलं, ते डॉक्टरांना विचारा.

कल्याण_स्लो

मोटरमन आहे, म्हणून फक्त ‘ब्लॉक’बद्दल.

रविवारी माटुंगा ते मुलुंड मेगाब्लॉक असला की घरचे म्हणतात, लाइन बंद आहे, काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नसतं. बिघडू नये म्हणून आम्ही ती लाइन ठरवून मागून घेतो. ‘ब्लॉक घेतला’ म्हणतो, ‘ब्लॉक झाला’ म्हणत नाही. रूळ, ओव्हरहेड वायर, सिग्नल यांची कामं तेवढ्या वेळात उरकायची. आणि रेल्वेत ब्लॉक या शब्दाचा जुना अर्थ तर संरक्षणाचा आहे. ब्लॉक सेक्शन म्हणजे रुळाचा असा तुकडा, ज्यात एका वेळी एकच गाडी. दुसरीने आत येऊ नये म्हणून तो अडवलेला. त्या अडवण्यावर लाखो माणसांचा जीव रोज सुखरूप असतो.

प्रवाशाच्या बाजूने जे होतं त्याला मराठीत सुंदर शब्द आहे, खोळंबा. गाडी अडते, माणूस खोळंबतो.

(‘ब्लॉक घेतला’ म्हणजे घर घेतलं, हा तिसरा अर्थही आपल्याकडचाच. चाळीतली खोली सोडून माझ्या वडिलांनी डोंबिवलीला ब्लॉक घेतला तेव्हा आईने गल्लीभर पेढे वाटले होते. घरात स्वतःचा संडास, म्हणून ब्लॉक.)

शुभा_लालबाग

पर्जन्यवाहिनी काका, तुमचं ते कोरड्या चेंबरचं मी आईला वाचून दाखवलं. तिला लगेच कळलं.

काल रात्री बाबांना ‘तुंबणं’ सांगून पाहिलं. नाही जमलं. ते म्हणाले, “मग कफ तुंबलाय का? पण मला खोकला तर कोरडा येतो.” बरोबर आहे त्यांचं. तुंबायला काहीतरी ओलं, वाहतं लागतं. ‘चोंदणं’ म्हटलं तर नाकाला हात लावतात. मराठीत या प्रत्येक शब्दाची जागा ठरलेली दिसते. नाक चोंदतं, कानाला दडे बसतात, लघवी तुंबते, घास घशात अडकतो, कंठ दाटतो, विहीर बुजते, रस्त्यावर कोंडी होते. इंग्रजीत एक नाम सगळीकडे फिरवतात. आपण विचारतो, नेमकं काय झालं? आणि त्याप्रमाणे क्रियापद बदलतो. म्हणूनच ‘अवरोध’ इतका परका वाटतो का? त्याच्यापुढे फक्त ‘आढळून येतो’ एवढंच लावता येतं. चोंदलेल्या नाकाला कोणी अवरोधित नाक म्हणत नाही.

पण छातीतल्या नळ्यांचं नेमकं काय झालंय हेच मला माहीत नाही, तर क्रियापद कुठून आणू?

खडूफळा

शुभाताई, हे अगदी खरं. ‘अवरोध’ संस्कृतात ‘रुध्’ धातूपासून. विरोध, निरोध, प्रतिरोध, सगळे तिथलेच. संस्कृतात ‘अवरोध’ म्हणजे राजाचं अंतःपुरसुद्धा, बाहेरच्यांना बंदी असलेली जागा. ‘निरोध’ पतंजलींच्या योगसूत्रात चित्तवृत्तींसाठी आला आणि १९६८ साली सरकारने गर्भनिरोधकाचं नाव म्हणून घेतला. तोलामोलाचे शब्द आहेत, पण ते ग्रंथात राहतात. मराठी घरात फार तर ‘मलावरोध’ येतो, तोही औषधाच्या बाटलीवर. बोलताना आपण म्हणतो, पोट साफ होत नाही.

डॉ_मीरा

मी छातीच्या आजारांची डॉक्टर आहे, उपनगरात दवाखाना आहे. शुभा, तुमची पोस्ट वाचून मला वाईट वाटलं, कारण असं पत्रक माझ्याही टेबलावर असतं आणि मी ते रोज देते. नीट सांगते.

बाबा फुंकत होते तेव्हा मशीन काय मोजत होतं? पूर्ण जोर लावून एकूण किती हवा बाहेर आली, आणि तिच्यातली पहिल्या सेकंदात किती आली. औषधाचा फवारा दिल्यानंतरही पहिल्या सेकंदाचा वाटा ०.७० च्या खाली राहिला तर आम्ही ऑब्स्ट्रक्शन लिहितो. म्हणजे हवा बाहेर यायला जास्त वेळ लागतोय, एवढंच त्या शब्दात आहे. काही अडकलंय असं त्यात नाही. ‘मॉडरेट’ म्हणजे पहिल्या सेकंदाची हवा त्या वयाच्या, उंचीच्या माणसाच्या अपेक्षित आकड्याच्या ५० ते ७९ टक्के.

नळ्यांना काय होतं? आतलं अस्तर सुजतं. भोवतीचे स्नायू आवळतात. कधी चिकट कफ असतो, कधी नसतो. सगळं मिळून नळी अरुंद होते. पर्जन्यवाहिनी काकांनी जे म्हटलं, नळीच लहान पडणं, ते अगदी हेच. आणि एक गोष्ट लोकांना माहीत नसते. श्वास घेताना छाती फुलते आणि नळ्याही थोड्या रुंदावतात. सोडताना त्या आकसतात. म्हणून अरुंद नळीतून हवा आत जाते, पण बाहेर येताना रखडते. ती पूर्ण बाहेर येण्याआधीच माणसाला पुढचा श्वास घ्यावा लागतो. जिना चढताना श्वास भरभर होतो, म्हणजे बाहेर यायला वेळ आणखी कमी. मग आत हवा साठत जाते. तुमच्या बाबांना वाटतं की हवा मिळत नाही. खरं तर त्यांच्या छातीत आधीची हवा भरून राहिलेली असते, नवीन यायला जागा नसते. यावर मी तुम्हाला शब्द सुचवते, तुमच्याच यादीतला. वाहतुकीची कोंडी नव्हे, क्रियापद घ्या. हवा कोंडते. आम्ही त्याला एअर ट्रॅपिंग म्हणतो आणि मला ‘कोंडणं’ त्याच्यापेक्षा नेमकं वाटतं.

समोरच्या काकांबद्दल बाबांना हेही सांगा. अँजिओप्लास्टीत काही ‘काढत’ नाहीत. हृदयाच्या रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबीचा थर वाढून वाट अरुंद होते. फुगा तो थर बाजूला दाबतो आणि स्टेंट, म्हणजे जाळीची बारीक नळी, वाट उघडी धरून ठेवतो. तिथेही ब्लॉकेज हा शब्द पाइपातल्या कचऱ्याचं चित्र उभं करतो आणि मग लोक लसूण-आलं-लिंबाचा काढा पिऊन तो विरघळायची वाट पाहतात.

त्याहून मोठा घोटाळा ‘ब्लॉक’चा. मोटरमन दादांनी तीन अर्थ सांगितले, मी चौथा सांगते. ईसीजीवर ‘बंडल ब्रँच ब्लॉक’ किंवा ‘हार्ट ब्लॉक’ लिहून येतं. त्याचा रक्तवाहिनीतल्या ब्लॉकेजशी थेट संबंध नाही. हृदयात विजेचा संदेश जातो, त्या वाटेवरचा तो खंड किंवा उशीर आहे. गरज पडली तर तिथे पेसमेकर बसवतात, फुगा नाही. माझ्याकडे एक आजी आल्या होत्या, नातवाने ईसीजी वाचून ‘आजीला ब्लॉक आहे’ सांगितल्यापासून त्या आठ दिवस पलंगावरून उतरल्या नव्हत्या. त्यांना पेसमेकरही लागणार नव्हता.

आता महत्त्वाचं. तुम्ही लिहिलंत, कार्डिंग खातं, चौदा वर्षं, धूम्रपान नाही. बाबांना एक विचारा. गिरणीत असताना आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्या पाळीला छाती आवळायची का, आणि आठवडा पुढे सरकला की बरं वाटायचं का? कापसाच्या धुळीने होणाऱ्या आजाराची, बिसिनोसिसची, ती खूण आहे. त्यांचे डॉक्टर तपासतील, मी इथून निदान करत नाही. पण गिरणीची नोकरी त्यांच्या कागदावर लिहिली आहे का ते बघा. आमच्यापैकी पुष्कळजण सिगारेट विचारतात आणि पुढे जातात.

पंप आजच सुरू करा. तो नळ्यांचे आवळलेले स्नायू सैल करतो, सूज असेल तर दुसरं औषध ती उतरवतं. डॉक्टरांनी जसा सांगितलाय तसाच, न चुकता.

पर्जन्यवाहिनी

डॉक्टरबाई, हे म्हणजे भरतीच्या वेळचं आहे. आत आलेलं बाहेर जायला वाट नाही. मला समजलं.

शुभा_लालबाग

काल संध्याकाळी दिवेलागणीनंतर बाबांजवळ बसले. अवरोध, ब्लॉकेज, अडथळा यातलं काही तोंडातून काढलं नाही. म्हटलं, “बाबा, छातीत काही अडकलेलं नाही. कापूसही नाही. नळ्या आवळल्यात. हवा आत जाते, पण बाहेर यायला वाट लहान पडते, म्हणून आत कोंडते.”

ते म्हणाले, “कोंडते. हां.” आणि थोडा वेळ गप्प बसले. मग आपणहून बोलायला लागले. डॉ. मीरा, मला प्रश्न विचारावाच लागला नाही. म्हणाले, “सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी कोंडायची तशीच ना? पाळीवर गेलं की दुपारपर्यंत छातीवर कोणी बसल्यासारखं व्हायचं. कार्डिंगला समोरचा माणूस दिसायचा नाही इतकं धुकट. सगळ्यांनाच व्हायचं. जुने लोक म्हणायचे, गुळाचा खडा खा. खिशात गूळ असायचाच. शनिवारपर्यंत बरं वाटायचं.” आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होती. लग्नाला पन्नास वर्षं होऊन गेली, तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिला वाटायचं, गूळ त्यांना आवडतो.

पंप त्यांनी स्वतः उचलला. मी पुढच्या तारखेला डॉक्टरांना दाखवायला एका कागदावर गिरणी, खातं आणि वर्षं लिहून ठेवलीत.

आणि एक केलं. ते छापील पत्रक घेतलं आणि प्रूफ तपासते तसं लाल शाईने तपासलं. ‘फुफ्फुसीय वायुमार्गात मध्यम स्वरूपाचा अवरोध आढळून आला आहे’ पूर्ण खोडलं. समासात लिहिलं:

“तुमच्या छातीतल्या श्वासाच्या नळ्या अरुंद झाल्या आहेत. त्यात काही अडकलेलं नाही. हवा आत जाते, पण बाहेर यायला वेळ लागतो आणि ती आत कोंडते, म्हणून चालताना, जिना चढताना धाप लागते. पंपाच्या औषधाने नळ्या सैल होतात. बरं वाटलं तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पंप बंद करू नका.”

सोमवारी ओपीडीच्या काउंटरवर देणार आहे. घेतील की नाही माहीत नाही, पण देणार आहे. डॉ. मीरा, यात वैद्यकीय चूक असेल तर आत्ताच सांगा.

डॉ_मीरा

चूक नाही. एक वाक्य वाढवा: “पंप घेतल्यावर पाण्याने चूळ भरून थुंका.” काही पंपांत सूज उतरवणारं औषध असतं, ते तोंडात राहिलं तर बुरशी धरते.

आणि तुमची हरकत नसेल तर हा मजकूर माझ्या दवाखान्यात लावते.

शुभा_लालबाग

लावा. चूळ भरायचं लिहिलं.